संजूचं बोलावणं

संजूला बोलवायचं ठरलं, हे सरूला सगळ्यांत शेवटी कळलं. आईला शेवटी कळावी अशी ही गोष्ट नव्हे. पण तिला आधी विचारलं तर ती कानांवर हात ठेवणार, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून माणसं अशा वेळी करतात तेच त्यांनी केलं. आधी सगळं ठरवून टाकलं, नथू भगताला सांगावा धाडला, आणि मग सरूच्या थोरल्या जावेला, भिमीला, पुढे घातलं.

सरू दारात बसून करवंदं निवडत होती. मे महिना होता, उद्या शहापूरच्या बाजाराला जायचं होतं. भिमी उंबऱ्याशी टेकली, टोपलीतली चार करवंदं तोंडात टाकली आणि म्हणाली, "या पुनवेला संजूला बोलवतात गो. नथूला सांगून झालं. आता तू नाय म्हणू नको."

"कुणी सांगितलं त्याला?"

"तुझ्या नवऱ्यानं."

पोश्या समोरच मोहाच्या झाडाखाली जाळं सांधत बसला होता. त्याला सगळं ऐकू येत होतं, पण मान वर करायची त्याची छाती झाली नाही.

"मी त्यात बसत नाय बाय," सरू म्हणाली. "तुला ठाव हाय."

"बसू नको. आमी बघू सगळं. तू पाणी तेवढं दे."

पाणी तेवढं दे. ऐकायला किती साधं वाटतं. डोळखांबच्या पलीकडे, डांबरी रस्ता संपतो तिथून वर चढून गेलं की ही कातकरवाडी लागते, आणि या वाडीची एक रीत आहे. घरात मेलेल्या माणसाला चार जण खांद्यावरून नेतात, त्याची वाट त्याला कळते. पण जो बाहेर मेला आणि ज्याचं मढंही घरी आलं नाही, त्याला वाट कोण दाखवणार? त्याला बोलवावं लागतं. भगत अंगणात काशाची थाळी घेऊन बसतो. थाळीवर मेणाने एक लांब काडी उभी केलेली असते, तिच्यावरून तो बोटं ओढत राहतो आणि थाळी गुणगुणू लागते. मग मेलेला कुणाच्या तरी अंगात येतो, मनात राहिलेलं बोलतो, पाणी मागतो, आणि पाणी पिऊन जुन्या जाणत्या पूर्वजांत निघून जातो. आई जिवंत असेल तर पाणी तिनेच द्यायचं. तिने नाही दिलं तर तो तहानलेला राहतो, कायमचा. वाडीतले असं मानतात, आणि सरूही एकेकाळी मानायची.

नुसती मानायची नाही. आज जिच्या मागे अख्खी वाडी लागली होती, ती सरू एकेकाळी वाडीचं झाड होती. झाड म्हणजे ज्याच्या अंगात मेलेला येतो ते माणूस. लग्न होऊन आली त्याच वर्षी थाळी ऐकताना तिची मान हलायला लागली. झालं, वाडीला घरचंच झाड मिळालं. कुणाचा बाप, कुणाची सवत, कुणाचं बोलायलाही न लागलेलं पोर, सगळे तिच्या अंगात येऊन गेले. बोलणारे बोलून मोकळे झाले, ऐकणारे रडून मोकळे झाले. सरूच्या वाट्याला मात्र ठणकणारं अंग आणि बसलेला घसा. त्यात झाडाला काही आठवत नाही. आपल्या तोंडून कोण काय बोललं, हे तिला दुसऱ्यांना विचारावं लागे. "कोण आलं व्हतं? काय म्हटलं?" ती विचारायची. सांगायची कुणाला गरज वाटायची नाही. तुला काय करायचंय गो, म्हणून बायका उठून जात. तोंड हिचं, आणि हिलाच त्याची खबर नाही.

अशाच एका बोलावण्यानंतर ती अंगणात मुटकुळं करून पडली होती, तेव्हा साईनाथ ब्रदर पहिल्यांदा वाडीत आला. तो मुरबाडचा. नाव साईनाथ आणि काम येशूचं, यावरून एसटीच्या थांब्यावरची रिकामटेकडी मंडळी त्याची यथेच्छ टिंगल करायची. तोही हसायचा. आईने ठेवलेलं नाव आहे, माझ्याने मोडवत नाही, म्हणायचा. तर हा माणूस सरूजवळ उकिडवा बसला आणि त्याने विचारलं, "तुमचं नाव काय?"

तिच्या तोंडून एवढे लोक बोलून गेले होते, पण तिला तिचं नाव कुणी विचारलं नव्हतं. सरूला रडू कोसळलं. साईनाथने तिला सांगितलं, की हे अंग तुमचं आहे, देवाने तुम्हाला दिलंय, त्यात येऊन राहायचा दुसऱ्या कुणाला हक्क नाही. पुढच्या हिवाळ्यात काळू नदीच्या थंडगार पाण्यात त्याने तिला बाप्तिस्मा दिला. त्यानंतर थाळी वाजली तरी सरूची मान हलली नाही. वाडीने नाकं मुरडली, बाहेरच्या पाड्यावरून झाडं आणायची पाळी आली म्हणून बोटं मोडली. सरूला त्याचं काही वाटलं नाही. रात्री ती गाढ झोपायची. आपल्या घराचं दार आपल्याला आतून लावता येतं, हेच तिला केवढं तरी वाटायचं.

पोश्या काही तिच्या मागे गेला नाही, आणि आडवाही आला नाही. "तुझा देव तुला, माझी मासळी मला," म्हणायचा. संजू मात्र आईबरोबर साईनाथच्या सभेला जायचा. आश्रमशाळेत शिकलेला, त्यामुळे येशूचं शास्त्र तोच वाचून दाखवायचा आणि सरू डोळे मिटून ऐकायची. साईनाथ नेहमी एक गोष्ट सांगायचा. देवाला कोंबडं नको, बकरं नको, देवाला फक्त ऐकणारं माणूस हवं. त्याची इच्छा ती आपली इच्छा, एवढं केलं की झालं. जन्मभर देवांना कोंबडी कापत आलेल्या सरूला तेव्हा हा देव फार स्वस्त वाटला होता.

खरं काय ते गेल्या पौषात कळलं.

भिवंडीकडच्या खाडीत रेती काढायला वाडीची पोरं जातात. होडीतून खाडीच्या तळात बांबू रोवायचा, बांबू धरून लोखंडी बादली घेऊन खाली जायचं, दम असेपर्यंत रेती भरायची, दोरी हलवायची. वरचे बादली ओढून घेतात आणि पोर बांबूवरून वर येतं. संजू आदल्या वर्षी एकदा जाऊन आला होता आणि परत जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. खर्डीला एकाची रिक्षा होती, ती चालवायला शिकायचं त्याच्या मनात होतं. पण पोश्याने मुकादमाला शब्द देऊन ठेवलेला. शब्दाच्या बाबतीत पोश्या कातळासारखा, फुटेल पण वाकणार नाही.

"मला नाय जायचं आई," संजू म्हणाला. "खालती डोळ्यापुढं हात दिसत नाय. कान फुटतात. मला भ्या वाटतं."

एवढ्या मोठ्या पोराने भीती वाटते म्हणावं, हे पोश्यालाही लागलं असावं. त्याने हातातलं जाळं बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "सरू, तू सांग. तू नको म्हटलं तर नको. मी मुकादमाचे पाय धरीन."

म्हणजे गोष्ट सरूच्या एका शब्दावर आली होती. तिने नको म्हणायला हवं होतं. कुठलीही आई म्हणाली असती. पण सरू आता कुठलीही आई राहिली नव्हती. देवाचं ऐकायचं असतं, आपल्या मनाचं नाही, हे ती इतकी वर्षं घोकत आली होती, आणि मनाला जे नको वाटतं तेच बहुतेक देवाला हवं असतं, असं कधीतरी तिच्या डोक्यात बसून गेलं होतं. तिने संजूला शास्त्र काढायला लावलं. आईबापाचा मान राखावा, त्यांचं ऐकावं, म्हणजे आयुष्य वाढतं, असं जिथे लिहिलंय ते पान. संजूने वाचलं. आणि हसला.

"माझ्याच तोंडून मला सांगतीस काय गो?" तो म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी गेला.

पुढचं सांगायला मुकादम स्वतः आला, संजूचे कपडे घेऊन. बादली वर आली होती. काठोकाठ भरलेली होती. तिच्यामागून संजू आला नाही. ओहोटी होती, पाण्याला ओढ होती, असं काय काय तो सांगत राहिला. पोश्या खाडीवर गेला आणि कोळ्यांच्या होड्यांतून, चिखलातून, तिवरांच्या मुळांतून हिंडला. परत आला तेव्हा तो म्हातारा झालेला होता. सरूला तो एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, झिंज्या धरल्या असत्या, तर तिने ते मुकाट्याने घेतलं असतं आणि तिच्या जिवावरचं ओझं थोडं हललं असतं.

पुनवेच्या आदल्या रविवारी साईनाथ आला, तेव्हा सभा झाल्यावर सरूने त्याला थांबवून घेतलं.

"ब्रदर, मी पाणी दिलं तर काय बिघडेल?"

सोपं उत्तर साईनाथला ठाऊक होतं, पण सोपं उत्तर तोंडावर फेकून निघून जाणारा तो माणूस नव्हता. "मेलेल्यांना बोलावू नये, असं देवाने स्वच्छ सांगितलंय, सरूबाई," तो म्हणाला. "आणि जो येतो तो संजू नसतो."

"मग कोण असतो? माझ्या अंगात इतकी वर्सं कोण येत व्हतं?"

साईनाथने हातातलं शास्त्र मिटलं.

"तो म्हातारा," सरू म्हणाली, "पोराला डोंगरावर घेऊन गेला तो. संजू वाचायचा ते. देवानं पोरगा मागला आणि त्यानं सुरी उचलली. पण देवानं त्याचा हात धरला ना? मेंढा दिला ना त्याला? मीपण देवाचं आयकूनच पाठवला माझ्या पोराला. माझा हात का नाय धरला?"

"मला ठाऊक नाही." साईनाथ म्हणाला. "मी खोटं सांगणार नाही तुम्हाला. मला एवढंच येतं, की कळलं नाही तरी पाळायचं. येशूनेही बागेत गुडघे टेकून मागितलं होतं, हे माझ्यावरून टळू दे म्हणून. टळलं नाही. तरी तो म्हणाला, तुझ्या मनात असेल तसं होऊ दे."

"आणि त्याची आय?" सरूने विचारलं. "तिला कुणी इचारलं काय?"

पुनवेला मी येऊन तुमच्याजवळ थांबतो, असं साईनाथ म्हणाला. सरूने मान हलवली. "नको. तुमी आलात तर मी तुमच्या धाकानं गप ऱ्हाईन. ते देवाचं आयकणं नाय झालं."

तो गेल्यावर ती बराच वेळ तिथेच बसून होती. मनात दुसरंच काही चाललं होतं, आणि ते साईनाथलाही सांगण्यासारखं नव्हतं. देवाचं ऐकायचं म्हणून तिने पोरगा घालवला होता. आता ती माघारी फिरली, थाळीपुढे जाऊन बसली, तर मग पौषातलं ते ऐकणं कशासाठी होतं? संजू फुकटच गेला म्हणायचा. एका बाजूला तहानलेला पोरगा होता, दुसऱ्या बाजूला उगीच मारलेला पोरगा. तिला यातला दुसरा सोसणार नव्हता. म्हणून तिने ठरवलं, की ऐकायचं. काहीही झालं तरी पाणी द्यायचं नाही.

पुनवेच्या दिवशी दुपार कलली तसं अंगण भरलं. भिमीने सारवून ठेवलं होतं. नथू भगत थाळी घेऊन बसला, त्याच्यासमोर तांदळाची लहानशी रास, बाजूला पाण्याचा तांब्या. झाड म्हणून खालच्या पाड्यावरून मंगळीला आणलं होतं. पोश्या एका कडेला गुडघ्यात मान घालून बसला होता. सरू घराबाहेर आली नाही. ती दाराच्या आत, मेढीला, छपराच्या लाकडी खांबाला, धरून उभी राहिली. पळून जाता आलं असतं. करवंदांची टोपली उचलून डोंगरात जाता आलं असतं. पण आपण बघत नसलो म्हणजे पाळलं, असं तिला म्हणायचं नव्हतं.

नथूची बोटं काडीवरून खाली यायला लागली. थाळी आधी कण्हल्यासारखी वाजली, मग तो आवाज सलग झाला, अंगणभर पसरला. नथू संजूचं नाव घेऊन त्याला हाका मारू लागला, खाडी सोड, तिवरं सोड, डांबरीनं ये, पायवाटेनं ये, आईच्या दारी ये.

मंगळी ढिम्म बसली होती. तिच्या पापणीलाही हालचाल नव्हती.

आणि दाराच्या आत सरूचे गुडघे थरथरायला लागले.

इतक्या वर्षांनी. आधी टाचा, मग पोटऱ्या, मग मणक्यातून वर चढणारी ती ओळखीची कळ. मान एका बाजूला ओढली जाऊ लागली. हे काय आहे ते तिला कुणी सांगायला नको होतं. कुणीतरी आलं होतं आणि आत यायला बघत होतं. आजवर परक्यांच्या बापांना आणि सवतींना तिने या अंगात घेतलं होतं. आज आपला पोरगा दाराशी आला होता. नुसती मान सैल सोडायची होती. जिथे तो नऊ महिने राहिला तिथेच तर त्याला परत यायचं होतं, क्षणभर, थंडीतून उबेला.

तिने मेढ दोन्ही हातांनी कवटाळली आणि कपाळ लाकडावर घट्ट दाबलं. "देवा, तुझ्या मनात असंल तसं," ती पुटपुटत राहिली, "माझ्या मनातलं नको, तुझ्या मनातलं." जिभेला रक्ताची चव आली, तरी तिने मान सोडली नाही. हळूहळू थरथर ओसरली. तो दारावरून मागे फिरला, हे तिला कळलं. असं काही कळावं, आणि आईला कळावं, यापरतं वाईट काय असेल?

अंगणात कुणीतरी ओरडलं. सरूने डोळे उघडले.

पोश्या उठून उभा राहिला होता. ज्याच्या अंगात जन्मात कधी वारं आलं नव्हतं, जो थाळीच्या आवाजात खुशाल घोरायचा, तो पोश्या. त्याची मान कलली होती, दात वाजत होते आणि भर मे महिन्यात तो अंग चोरून कुडकुडत होता. तो वळला, माणसांमधून वाट काढत दारापर्यंत आला, आणि सरूपुढे गुडघ्यांवर बसला.

"आई," तो म्हणाला.

आवाज पोश्याचाच होता, बिड्यांनी खरवडलेला. पण पोश्याची आई कधीच मरून गेली होती, आणि तो बघत होता सरूकडे.

"आई, थंडी वाजते. पाणी दे, म्हंजे जातो."

भिमीने धावत तांब्या आणून सरूच्या हातात कोंबला. "दे गो," ती रडत म्हणाली, "दे, पोरगा मागतोय." अंगणातल्या बायका पदर तोंडात धरून उभ्या होत्या. नथूची बोटं थांबली नव्हती. सरूने देवाकडे बघितलं, म्हणजे वर छपराकडे बघितलं, आणि वाट पाहिली. आता तरी कुणी हात धरील म्हणून. देव काही बोलला नाही. त्याला जे सांगायचं होतं ते तो आधीच सांगून बसला होता.

"आई, मी तुझं आयकलं ना?"

सरूने तांब्या खाली ठेवला. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला ठेवला, त्याच्या हाताला लागणार नाही असा, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागे तो पुन्हा एकदा पाणी म्हणाला. मग नुसतं आई म्हणाला. मग थाळी थांबली आणि धपकन कुणी पडल्याचा आवाज आला.

"गेला," नथू म्हणाला. "तसाच गेला."

पोश्या भानावर यायला वेळ लागणार होता. त्याला भिंतीशी टेकवून ठेवून लोक उठले. भिमी जाताना दारात थुंकली. अंगण रिकामं झालं, कोंबड्या येऊन तांदूळ टिपायला लागल्या, आणि मग कुठे सरू बाहेर आली. पोश्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते. अंगातून वारं गेलं की घसा कसा जळतो, हे या वाडीत तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिने तांब्या उचलून आणला आणि त्याच्याजवळ बसली.

"घे," ती म्हणाली. "पी जरा."

पोश्याने तांब्या दोन्ही हातांत घेतला. ओठांपर्यंत नेला आणि थांबला. रिकाम्या अंगणाकडे बघून त्याने विचारलं, "आला व्हता?"

हा प्रश्न तिचाच होता. वर्षानुवर्षं याच अंगणात तिने तो विचारला होता आणि लोक उत्तर न देता उठून गेले होते. तिला उठून जाता येईना.

"आला."

"कुणाच्या अंगात?"

"तुझ्या."

पोश्याचा चेहरा असा उजळला, की सरूला तो बघवेना. पौषापासून त्या तोंडावर असं काही आलं नव्हतं. "माझ्या?" तो म्हणाला. त्याने आपल्या छातीवरून हात फिरवून बघितला. "माझ्या अंगात आला? काय म्हटला गो? बोलला काय?"

खोटं सांगता आलं असतं. बरा हाय म्हटला, मजेत हाय म्हटला. पण खोटं बोलायचीही देवाची मनाई होती.

"थंडी वाजते म्हटला. पाणी मागलं."

"मग? दिलंस?"

"नाय."

पोश्याने तांब्यातल्या पाण्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. तो चिडला नाही. काहीतरी समजून घ्यायची मनापासून खटपट करणाऱ्या माणसासारखा तो कपाळाला आठ्या घालून बसला.

"तुझा ब्रदर म्हणतो ना, तो संजू नसतो म्हणून?"

"व्हय."

"मग मीच व्हतो की गो," पोश्या म्हणाला. "तुझ्या देवाच्या हिशेबी मीच व्हतो. मलाच तहान लागली व्हती. नवऱ्याला पाणी देऊ नको, असं म्हटलंय काय त्यानं?"

हे सरूच्या मनातच आलं नव्हतं. समोर पोश्या बसलाय, तहानलेला, थरथरणारा माणूस बसलाय, असं तिला क्षणभरही वाटलं नव्हतं. तिने संजूलाच पाहिलं होतं. संजूलाच नाही म्हटलं होतं. देवाचं ऐकायला म्हणून ती उभी राहिली, आणि देवाच्या शब्दावर तिचा तेवढ्यापुरताही विश्वास नव्हता. तो विश्वास असता, तर तांब्यातलं पाणी तिने कुणालाही दिलं असतं.

पोश्याने तांब्या न पिता खाली ठेवला आणि भिंतीला धरून उठला. जाळं मोहाखाली पडलं होतं, तिकडे तो चालत गेला.

"पोश्या," सरूने हाक मारली. "पाणी."

त्याने मागे वळून बघितलं नाही.